रानाचा धनी, तुपाचा डबा

आमच्या चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या रिकाम्या डब्यांची एक रांग असायची. पिवळा रंग, त्यावर हिरवं ताडामाडासारखं झाड, बुडाला गंज आणि पाणी जायला खिळ्यानं पाडलेली भोकं. एकात तुळस, एकात गवती चहा, एकात जाड, लवदार पानांचा पानओवा. आई पावसाळ्यात त्याची भजी करायची. डब्यावर नागरीत ठळक ‘वनस्पति’ असं लिहिलेलं. मला नुकतं वाचता येऊ लागलं होतं. डब्यात जे उगवलंय त्याचंच हे नाव, अशी माझी पक्की समजूत. तुळशीच्या डब्यावरही तेच, गवती चहाच्या डब्यावरही तेच; म्हणजे या सगळ्यांचं आडनाव एक असणार. समजूत चुकीची होती हे दुसरी-तिसरीत कळलं. ती फारशी चुकीची नव्हती हे कळायला पुढची तीस वर्षं गेली.

हे पुस्तक त्या आडनावाबद्दल आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात, आयुर्वेदिक तेलाच्या बाटलीवर, वनखात्याच्या फलकावर आणि किराणा मालाच्या यादीत ‘वनस्पती’ हा एकच शब्द येतो, आणि चारही ठिकाणी तो वेगळं काही सांगतो. विज्ञानाच्या पुस्तकात शेवाळापासून वडापर्यंत सगळं त्यात बसतं. बाटलीवर त्याचा अर्थ औषधी मुळ्या-पाला एवढाच. फलकावर ती ‘संपदा’ असते, तिची नासधूस केल्यास दंड. आणि वाण्याकडे ती गोठलेली, दाणेदार आणि किलोवर मिळते. एका शब्दाच्या अंगावर इतके कपडे कसे चढले, हे पाहायचं तर सुरुवात फार मागून करावी लागते.

संस्कृतात ‘वनस्पति’ म्हणजे वनाचा पती, रानाचा धनी. ‘वन’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये तो ‘स्’ कुठून आला, यावर व्याकरणकारांनी पुष्कळ विचार केला आहे. ‘बृहस्पति’मध्ये तो आहे, तसाच इथे. पाणिनीनं स्वरांचे नियम सांगताना या शब्दाच्या नावानं एक गणच केला: वनस्पती वगैरे समासांत दोन्ही पदं आपापला आघात सोडत नाहीत. समास म्हटला की एका पदानं मान तुकवायची असते. इथे दोघांनीही ती ताठ ठेवली. ऋग्वेदात वनस्पती हा देव म्हणूनही येतो आणि यज्ञातला यूप, म्हणजे पशू बांधायचा खांब, म्हणूनही. म्हणजे सुरुवातीला हा शब्द गवताच्या पात्यासाठी नव्हताच. तो उभ्या, थोर, नमस्कार करण्याजोग्या झाडासाठी होता.

मग वर्गीकरण करणारे आले. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उगवणाऱ्या गोष्टींची विभागणी केलेली आहे, आणि तिथे वनस्पती हा अनेकांतला फक्त एक प्रकार आहे. चरकाच्या हिशेबानं ज्याला फूल न दिसता फळ धरतं ती वनस्पती. ज्याला फूल आणि फळ दोन्ही येतं ते वानस्पत्य. फळ पिकलं की जी मरते ती ओषधी. आणि जी पसरते, चढते ती वीरुध. फूल न दिसता फळ धरणारी झाडं कोणती? वड, पिंपळ, उंबर, पायर. म्हणजे मूळच्या काटेकोर अर्थानं तुळस वनस्पती नाही, गवती चहा नाही, आंबासुद्धा नाही. उंबर आहे.

उंबराला फूल नसतं असं नाही. फळ म्हणून जे आपण फोडतो ते आतून फुलांनी गच्च भरलेलं असतं. बाहेरून दिसत नाही इतकंच. चिलटाएवढ्या माश्या वरच्या छिद्रातून आत शिरतात, परागण करतात, तिथेच अंडी घालतात. मराठी माणसानं या सगळ्याची नोंद दोन ठिकाणी करून ठेवली आहे. बऱ्याच दिवसांनी उगवलेल्या मित्राला आपण म्हणतो, अरे, तू म्हणजे अगदी उंबराचं फूल झालास. आणि झाकलेलं प्रकरण कोणी उकरायला लागला की म्हणतो, उंबर फोडून केंबरं कशाला काढतोस? केंबरं म्हणजे त्याच माश्या. पहिल्या वाक्प्रचारात फूल दिसत नाही याची दखल आहे, दुसऱ्यात आत काय चाललंय याची. शास्त्र्यांनी व्याख्या केली ती पहिल्यापाशी थांबली. म्हण मात्र फळ फोडून बघितल्याशिवाय तयार होत नाही.

चरकाच्या या चौकटीकडे आज पाहताना एक गोष्ट मला फार आवडते. ती नुसत्या आकारावर उभी नाही, आयुष्यक्रमावरही उभी आहे. भात, जव यांच्यासारखी पिकं ओषधी, कारण दाणा पिकला की झाड संपलं. आता हीच कसोटी अक्षरशः लावली तर केळीचा जो खुंट घड देऊन आडवा होतो तो ओषधी. पन्नास फुटांचा कळक वर्षानुवर्षं वाढून एकदाच फुलतो, बी टाकतो आणि वाळतो, तोही ओषधी. आणि सह्याद्रीच्या उतारांवरची कारवी, जी सात वर्षं नुसती वाढून आठव्या वर्षी जांभळी होते आणि मरते, तीही. ग्रंथकारांच्या मनात कारवी होती असं मी म्हणत नाही. पण ‘औषध’ हा शब्द या ‘ओषधी’पासून आला आणि पुढे त्यानं आईलाच गिळलं, हे मात्र खरं. आज मराठीत ‘ओषधी’ असं बरोबर लिहिलं तर मुद्रितशोधक त्याचं ‘औषधी’ करून पाठवतो. माझ्या बाबतीत हे याच प्रस्तावनेच्या पहिल्या कच्च्या छपाईत घडलं.

संस्कृतातला हा धनी मराठीत आला तो लिंग बदलून. अग्नी, ध्वनी, मुनी, कवी पुल्लिंगीच राहिले. वनस्पती मात्र ‘ती’ झाली. मुळी, जडीबुटी, पाती यांच्या संगतीत राहिल्याचा हा परिणाम असावा असं मला वाटतं, कारण मराठी घरात हा शब्द शिरला तो वैद्याच्या पिशवीतून. खेड्यात आजही कोणी ‘एक वनस्पत आहे’ असं आवाज खाली आणून म्हणालं, तर पुढे मूळव्याध, कावीळ किंवा विंचू येणार हे ठरलेलं. लेखनातही या शब्दानं एक खोडी करून ठेवली आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे एकटा असताना तो दीर्घ, ‘वनस्पती’. समासात पुढे दुसरा शब्द आला की ऱ्हस्व, ‘वनस्पतिशास्त्र’. एका महाविद्यालयात मी एकाच भिंतीवर दोन पाट्या पाहिल्या आहेत, एक अशी आणि एक तशी, मध्ये फक्त दरवाजा.

बोलण्यात मात्र मराठी माणसाला या शब्दाची फारशी गरज कधी पडलीच नाही. त्याच्याकडे झाड आहे, झुडूप आहे, वेल आहे, रोप, गवत, पाला, मोड, कोंब, फुटवा आहे. कोकणात आंब्याच्या बागाइतदाराला विचारा, झाडं किती? तो सांगेल, पन्नास कलमं आहेत. बिया टाकून वाढलेली ती रायवळ. नारळाचा माड, सुपारीची पोफळ; त्यांना झाड म्हणणारा माणूस घाटावरून आलेला. शेतकरी आपल्या ज्वारीला वनस्पती म्हणत नाही, ते पीक. पिकात जे नको असताना उगवतं ते तण, आणि तण खाई धन. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागाला झाडीपट्टी म्हणतात, तिथल्या बोलीला झाडीबोली, तिथल्या नाटकाला झाडीपट्टीची रंगभूमी. झाडांच्या दाटीवरून मुलूख, मुलखावरून भाषा आणि भाषेवरून नाटक. मग ‘वनस्पती’ कोण म्हणतो? ज्याला नाव माहीत नाही तो. हा माझा निष्कर्ष जरा तिखट आहे, पण दहा जणांना रस्त्याकडेचं एखादं झुडूप दाखवून पाहा. नाव येणारा नाव सांगेल. न येणारा म्हणेल, काहीतरी वनस्पती आहे.

झाडांच्या ज्ञानातला दुसरा मोठा प्रवाह बाहेरून आला. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या संवादरूपी ग्रंथात इथल्या औषधी द्रव्यांची माहिती दिली. त्यानंतर शतकभरानं कोचीनच्या डच कारभाऱ्यानं, हेन्ड्रिक फान रेडनं, मलबारच्या झाडांवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचं त्यातलं श्रेय आता सर्वांना माहीत आहे. आपल्याकडे कमी माहीत आहे ते हे की रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांनीही त्या कामात भाग घेतला आणि त्यांनी दिलेला दाखला पहिल्या खंडात कोंकणीत, नागरी लिपीत छापलेला आहे. सतराव्या शतकातल्या युरोपीय छापखान्यात उमटलेली ती आपल्या लिपीतली ओळख झाडपाल्यामुळे मिळाली.

‘फ्लोरा’ हा शब्दही त्याच प्रवाहातला. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी. सिमॉन पाउली यानं १६४८ मध्ये डेन्मार्कच्या झाडांवरच्या ग्रंथाला तिचं नाव दिलं, लिनियसनं १७३७ मध्ये लॅपलँडच्या यादीला दिलं, आणि देवीची यादी झाली. अमुक प्रदेशात कोणकोणत्या जाती उगवतात याची शिस्तशीर नोंद म्हणजे फ्लोरा. आपल्या भागाची अशी पहिली ठळक यादी केली ती मुंबईच्या टपालखात्यातल्या जॉन ग्रॅहम या अधिकाऱ्यानं, १८३९ मध्ये. ती छापून पूर्ण होण्याआधीच तो वारला. १८६१ मध्ये डालझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ आला. गिब्सन हा मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक; पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेचाही कारभार त्याच्याकडे होता. आणि मग थिओडोर कुक. पुण्याच्या सायन्स कॉलेजचा, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्राचार्य; निवृत्तीनंतर लंडनला जाऊन त्यानं १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याचा फ्लोरा सिद्ध केला. त्यातल्या वर्णनांवर आजही लोक काम करतात. पुढे खंडाळ्याच्या झाडांवर फादर सांतापाव यांनी केलेलं काम, १९५५ मध्ये पुण्यात सुरू झालेलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आणि त्यातून निघालेले महाराष्ट्राचे खंड, ही त्याच परंपरेची देशी शाखा.

या परंपरेचं ऋण मोठं आहे, पण तिनं आपल्या नावांचं जे केलं ते सांगायला हवं. ग्रंथात लॅटिन नावाखाली ‘देशी नाव’ म्हणून एक बारीक ओळ, तीही रोमन लिपीत. रोमन लिपीत ट आणि त एक, ड आणि द एक, ळ आणि ल एक. शेवळं आणि शेवाळ यांच्यातलं अंतर एका काना-मात्रेचं. रोमनमध्ये तेही पुसट होतं. शेवाळ हा पाण्यावरचा हिरवा थर आणि शेवळं ही सुरणाच्या कुळातली रानभाजी. उलट दिशेनंही देवघेव झाली, हेही खरं. कारवीवरून ‘कार्व्हिया’ असं वंशनाम लॅटिनमध्ये गेलं. पण असे मान फार थोड्यांच्या वाट्याला आले.

‘फ्लोरा’ला मराठीत एक शब्द मिळालेला नाही. वनश्री म्हटलं की कविता सुरू होते. वनस्पतिसृष्टी लांबलचक आहे. परिभाषाकारांनी ‘पादपजात’ केला, तो परीक्षेपुरता जगला. मला मात्र ‘झाडोरा’ हा शब्द इथे फार कामाचा वाटतो, कारण तो फ्लोरा नाही. झाडोरा म्हणजे जमिनीवरचं आवरण, दाटी. फ्लोरा म्हणजे जातींची यादी. पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्यानं लावलेली गिरिपुष्पाची दाट झाडी पावसाळ्यात बघा: झाडोरा डोळ्यांत भरण्यासारखा, आणि खाली बसून जाती मोजायला लागलं तर यादी तोकडी. वृक्षारोपणाच्या भाषणांत हे दोन अर्थ सर्रास एकमेकांत मिसळले जातात आणि वर तुकोबांचा तोच तो अभंग लावला जातो. तुकोबांनी सोयरीक जोडली होती. रोपांची संख्या जाहीर केली नव्हती.

वैद्यांच्या परंपरेत प्रश्न वेगळा आहे. तिथे नावं कमी नाहीत, फार आहेत. अमरकोशाच्या वनौषधिवर्गापासून निघंटूंपर्यंत एकेका झाडाला दहा-दहा पर्याय, आणि एकच पर्याय चार झाडांना. ब्राह्मी म्हणजे जलब्राह्मी की मंडूकपर्णी, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि दोन्हींची तेलं एकाच नावानं खपतात. अशोकाची साल म्हणून भलतीच साल बाजारात येते. सोसायट्यांच्या कुंपणाला लावलेला उंच, सरळ ‘अशोक’ हा तर औषधातला सीता अशोक नव्हेच. वामन गणेश देसाई यांनी ‘ओषधिसंग्रह’ लिहिताना शास्त्रीय नाव, मराठी नाव आणि गुणधर्म एकत्र बांधायची जी शिस्त घातली, तिची किंमत अशा गोंधळात कळते. दसऱ्याला आपण सगळे याच गोंधळात सामील होतो. सोनं म्हणून हातात पडणारी पानं कित्येकदा आपट्याची नसतातच, कांचनाची असतात: मोठी, खोल चिरलेली. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि उंचीपेक्षा रुंदीला जास्त. शुभेच्छा देणाऱ्याला हे तिथल्या तिथे सांगू नये, एवढं मी अनुभवानं शिकलो आहे.

वाईला विश्वकोशाचं काम सुरू झालं तेव्हा वनस्पतिशास्त्र मराठीत लिहिण्यासाठी एक सबंध शब्दभांडार उभं करावं लागलं. पुंकेसर, हरितद्रव्य, प्रकाशसंश्लेषण हे शब्द आता शाळेतल्या पोराच्या तोंडी आहेत, त्यामुळे ते कोणीतरी घडवले हेच आपण विसरतो. सगळे मात्र रुजले नाहीत. झुडपाला ‘क्षुप’ आणि लहान मऊ खोडाच्या झाडाला ‘ओषधी’ म्हटलं गेलं. शास्त्रदृष्ट्या चूक काहीच नाही, उलट ‘ओषधी’ला त्याचं जुनं घर परत मिळालं. पण वाचक मात्र ‘ही एक लहान ओषधी आहे’ हे वाक्य वाचून कोणत्या रोगावर, हे शोधू लागला. रानातल्या शब्दाला हाक मारण्याऐवजी आपण ग्रंथातल्या शब्दाला उठवतो, ही परिभाषेच्या कामातली खोड आहे. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’, मारुती चितमपल्लींची जंगलाची पुस्तकं, शरदिनी डहाणूकरांचे झाडाफुलांवरचे लेख वाचले की दुसरी वाट किती मोकळी होती ते दिसतं. त्यांनी झाडाची व्याख्या केली नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या उन्हात, कोणत्या वासाचं, हे सांगितलं, आणि ओळख पटली.

व्याख्याही स्थिर नाहीतच. आम्ही शाळेत शिकलो तेव्हा बुरशी आणि अळंबी वनस्पतींत होत्या. व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६९ मध्ये सजीवांची पाच सृष्टींत मांडणी केली आणि त्यांना वेगळं घर दिलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते यायला वेळ लागला. गोड्या मसाल्यातलं दगडफूल घ्या. दगड नाही, फूल नाही, आणि आता वनस्पतीही नाही: बुरशी आणि शैवल यांचा तो एकत्र संसार. मसाल्याला त्यानं काही बिघडलेलं नाही.

डब्यातल्या ‘वनस्पती’ची कथा या सगळ्याच्या मानानं अलीकडची. तेलात निकेलच्या साहाय्यानं हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचं, तुपासारखं दाणेदार दिसेल असं. डालडा हे नाव १९३७ मध्ये बाजारात आलं. प्राण्यापासून नाही, झाडापासून, एवढंच सांगायला रानाच्या धन्याला डब्यावर बसवलं गेलं. तूप म्हणून ते कोणी विकू नये यासाठी सरकारनं मोठी मजेदार युक्ती केली: त्यात शेकडा पाच तिळाचं तेल मिसळायची सक्ती. संशयित तुपात आम्ल आणि साखर घालून हलवलं आणि गुलाबी-लाल रंग आला, की समजायचं भेसळ आहे. नाव झाडाचं, साक्षीदार तीळ. एखाद्या शब्दाचा अर्थ रंग बघून तपासता येतो, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

हे सारं शब्दांचे खेळ म्हणून सोडून देता आलं असतं, पण शब्दांवर पोट असतं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातलेला होता. वनस्पतिशास्त्र सांगतं की बांबू हे गवत. आपल्या बुरुडालाही ते वेगळं सांगावं लागत नाही. त्याच्याकडे वेळू, कळक, मेस, चिवा, माणगा अशी नावं आहेत, झाड हे त्यात नाही. पण कायद्यात झाड म्हटल्यामुळे तोडायला आणि न्यायला परवाना लागे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरला, तरी दोन व्याख्यांची ओढाताण चालूच राहिली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं सामूहिक वनहक्क मिळवून ती ओढाताण अंगावर घेतली. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याची पुस्तकं तिथल्या ग्रामसभेच्या हाती आली. २०१७ मध्ये व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द काढला गेला, आणि वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू परवान्यातून सुटला. नव्वद वर्षं एक शब्द चुकीच्या रकान्यात बसला होता.

रानातल्या माणसांची नावं देण्याची रीत पाहिली की ही चूक त्यांच्या हातून का झाली नसती ते कळतं. ते नाव देतात म्हणजे निकाल देतात. जंगलात घुसून बाकीचं उगवू देत नाही ती रानमोडी. कुठेही लावा, कितीही तोडा, फुटतच राहते ती बेशरम. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं गाजरगवत. त्याचं काँग्रेस हे नाव आता सगळ्या पक्षांचे लोक वापरतात. रान-, भुई-, काटे-, घोडे- या उपपदांनी जातींची एक आख्खी पद्धत उभी राहते. शहाण्यांनी दिलेलं ‘जलपर्णी’ हे गोंडस नाव मात्र नदी गुदमरवणाऱ्या झाडाला मिळालं आहे, त्यात निकाल कुठेच नाही.

आणि शेवळं. जूनच्या पहिल्या सरींनंतर ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका ही जांभळट-तपकिरी, कणसासारखी दांडोरी जुड्या बांधून आणतात. जुडीबरोबर मूठभर आंबट हिरवी काकडं देतात, न मागता. शेवळाला खाज असते, काकडाच्या आंबटानं ती मरते. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. काकडं मी फुकटचं फळ समजून बाजूला ठेवली आणि संध्याकाळभर घसा धरून बसलो. पुढच्या आठवड्यात त्याच बाईला सांगितलं, तर ती हसली नाही. म्हणाली, दादा, नाव घेतलं तर जोडीनं घ्यावं. या पुस्तकाची रचना त्या वाक्यावरून ठरली. नाव एकटं द्यायचं नाही; सोबत ते कुठलं, कोणत्या ऋतूतलं, कशाबरोबर जाणारं, हे द्यायचं.

म्हणून इथे कोशासारखी वर्णानुक्रमे मांडणी नाही आणि फ्लोरासारखी कुळांप्रमाणेही नाही. ग्रंथातले शब्द, शेतातले, रानातले, बाजारातले आणि कायद्यातले, अशा पाच ठिकाणांवरून लेखकांनी या गोतावळ्याकडे पाहिलं आहे. त्यांच्यात मतभेद आहेत. वैद्यांना शास्त्रज्ञांची घाई आवडलेली नाही, शास्त्रज्ञांना वैद्यांची सैल नावं. मी ते मिटवायच्या भानगडीत पडलो नाही. शास्त्रीय नावं दिली आहेत, पण नागरीत, आणि मराठी नावानंतर. मराठवाडा आणि खानदेश या भागांतल्या नोंदी कमी पडल्या आहेत, ती उणीव माझी. चित्रं मुद्दाम कमी ठेवली. चित्र बघून ओळखलेलं झाड रानात समोर आलं की बऱ्याचदा अनोळखी वाटतं. पान चुरगाळून वास घ्यायचा, खोडाला हात लावून बघायचा, आणि जवळ कोणी म्हातारं माणूस असेल तर विचारायचं, हा क्रम अजून तरी कोणत्या यंत्रानं मागे टाकलेला नाही.

एक विनंती. तुमच्या गावात यातल्या कशाला वेगळं नाव असेल, तर ते पुस्तकातच लिहून ठेवा: नावापुढे गाव, महिना आणि ज्यानं सांगितलं तो ते कशासाठी वापरतो ते. प्रत्येक पानाचा समास त्यासाठीच रुंद सोडला आहे.